जुनी गाडी तापतेय? पैसे खर्च करण्याआधी ती कधी तापते ते बघा

एप्रिल उजाडला की ठाण्यात जुन्या गाड्यांच्या मालकांची एकच तक्रार सुरू होते. सकाळी छान चाललेली पद्मिनी संध्याकाळी माजिवड्याच्या गर्दीत अडकते, टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागतो आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येते. नवा मालक घाबरून गॅरेज गाठतो. तिथे गाडीला हात न लावताच निदान होतं, "साहेब, रेडिएटर गेलाय, बदलून टाका." रेडिएटर (इंजिनचं गरम पाणी वाऱ्याने थंड करणारा भाग) बदलतो, मग वॉटर पंप बदलतो, मग थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेकला जातो. एवढं करूनही पुढच्या रविवारी गाडी घोडबंदर रोडच्या कडेला बॉनेट उघडून उभीच.

नुकतीच जुनी गाडी घेतलेल्या आणि ती आपल्या हाताने समजून घ्यायची इच्छा असलेल्या माणसासाठी हे लिहितोय. माझं सांगणं थोडक्यात असं: एकही पार्ट विकत घेण्याआधी गाडी नेमकी कोणत्या वेळी तापते ते नीट बघून वहीत लिहा. गर्दीत तापणारी गाडी आणि चढावर तापणारी गाडी यांचे आजार वेगळे असतात. ते एकदा ओळखता आलं की शोध खूप सोपा होतो, आणि बहुतेक वेळा दोष शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूत निघतो.

उदाहरणं मुख्यतः दोन गाड्यांची घेतलीत, कारण आपल्याकडे त्याच जास्त दिसतात. एक, १९६४ मध्ये फियाट अकराशे डिलाइट म्हणून आलेली आणि पुढे प्रीमियर पद्मिनी झालेली, कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी. इंजिन १०८९ सीसी, ब्लॉक (इंजिनचा मुख्य ठोकळा) बिडाचा आणि हेड (त्याच्या वर बसणारा भाग) अॅल्युमिनियमचं. दुसरी अँबेसेडर, तिचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ज्याचं हेडही बिडाचंच. हा फरक लक्षात ठेवा. बिडाचं हेड एखाद्या वेळी उकळलेलं सोसतं. अॅल्युमिनियमचं हेड एकदाच जोरात तापलं तरी वाकू शकतं. म्हणून पद्मिनीवाल्याने काटा चढताना "अजून थोडं पुढे नेऊ" हा विचारच करू नये.

आधी हाताची आणि इंजिनची काळजी

गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा होज (रेडिएटरला इंजिनशी जोडणारी रबरी नळी) मुठीत घट्ट धरून ठेवता आला, चटका बसला नाही, तरच झाकणाला हात लावा. तरीही जाड कपडा ठेवून आधी अर्धाच आटा फिरवा आणि दाब जाऊ द्या.

तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतू नका आणि इंजिनवर बाहेरूनही शिंपडू नका. अशाने हेड वाकतं, ब्लॉकला चीर जाते. चालू इंजिनजवळ काम करताना ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी दूर ठेवा. कोणी नंतर इलेक्ट्रिक फॅन बसवला असेल तर तो चावी बंद असतानाही सुरू होऊ शकतो. आणि कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते रसायन) जमिनीवर सांडू देऊ नका. ते चवीला गोड लागतं आणि विषारी असतं. सोसायटीच्या पार्किंगमधली कुत्री-मांजरं ते चाटतात.

रस्त्यातच काटा चढला तर? गाडी गर्दीत उभी असेल, वाफ अजून आलेली नसेल आणि फॅन पट्ट्यावर चालणारा असेल, तर न्यूट्रलमध्ये टाकून अॅक्सिलरेटर किंचित दाबून धरा. पंप आणि फॅन दोन्ही जोरात फिरतात आणि काटा बऱ्याचदा खाली येतो. हीटर असेल तर पूर्ण सुरू करा. मे महिन्यात नको वाटेल, पण तो दुसऱ्या छोट्या रेडिएटरचं काम करतो. वाफ दिसली की मात्र बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. अर्धा-पाऊण तास थांबा, मग इंजिन सुरू करून आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) ठेवा आणि पाणी बारीक धारेने घाला.

काटा खरं बोलतोय का?

हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणं बरोबर नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर आता कुठेही मिळतो, तो घ्या. थर्मोस्टॅटच्या डब्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर नेम धरून तापमान बघा. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर कमी आकडा दाखवतो, म्हणून पट्टी हवी. काटा लाल पट्ट्यात आणि पट्टीवर ८५ अंश, असं दिसलं तर इंजिन निरोगी आहे; दोष सेन्सर, वायर किंवा मीटरमध्ये शोधा.

दोन खुणा सांगतो. हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा हलत असेल तर अर्थिंग खराब आहे. इंजिनला बॉडीशी जोडणारी जाड पट्टी साफ करून घट्ट करा. आणि पेट्रोलचा काटा व टेंपरेचरचा काटा दोन्ही एकदम जास्त दाखवायला लागले तर, ज्या गाड्यांत मीटरला ठरावीक व्होल्टेज देणारा छोटा स्टॅबिलायझर असतो, तिथे तो बिघडलेला असतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. चढलेला काटा अचानक झपकन खाली आला तर सुटकेचा श्वास सोडू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच बरोबर आकडा देतो. पाणी संपलं आणि सेन्सर कोरडा पडला की काटा खाली येऊ शकतो, आणि इंजिन मात्र भाजत असतं. अशा वेळी लगेच थांबा.

कधी तापते?

आता वही काढा. बाहेर किती ऊन होतं, गाडी उभी होती की चालत होती, चढ होता का, सुरू करून किती वेळ झाला होता, एवढं दर वेळी लिहा. एका आठवड्याच्या नोंदींतून चित्र दिसायला लागतं.

गाडी फक्त गर्दीत तापते, म्हणजे तीन हात नाक्याला किंवा वाशी टोलनाक्याजवळच्या कोंडीत, आणि मोकळा रस्ता मिळाला की काटा आपोआप खाली येतो. अशी गाडी हवेअभावी तापते. पाणी नीट फिरतंय, पण उभं असताना रेडिएटरमधून वारा जात नाही. फॅन, पट्टा, जाळी आणि समोरचे अडथळे तपासा.

याउलट गर्दीत काटा ठीक, पण पाम बीच रोडवर सलग वेग धरला किंवा गायमुखचा चढ लागला की तापते, तर वारा भरपूर आहे आणि पाणी कमी पडतंय. रेडिएटर आतून चोकअप झालाय, खालचा होज आत ओढला जातोय, पंपाची पाती गंजून झिजलीत, किंवा इंजिन स्वतःच गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. हा शेवटचा भाग लोक विसरतात, त्यावर पुढे बोलू.

थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर गेला तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, आत हवा अडकली आहे, किंवा हेड गॅस्केटचं (हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचं) प्रकरण आहे.

इंजिन बंद केल्यावर काटा थोडा चढणं हे साधारणपणे दुखणं नाही. पंप थांबला, फॅन थांबला, पण धातूतली उष्णता पाण्यात उतरतच राहते. ज्या जुन्या रेडिएटरला जादा पाण्याची बाटली नाही, तो गळ्यापर्यंत भरला तर अशा वेळी थोडं पाणी बाहेर टाकतो. मालक पुन्हा गळ्यापर्यंत भरतो, गाडी पुन्हा टाकते. पातळी गळ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवा. ती तिथे स्थिर राहत असेल तर कुठेही गळती नाही.

आणि एक वेगळाच प्रकार. दुपारच्या गर्दीत गाडी झटके देऊन बंद पडते, अर्ध्या तासाने सहज सुरू होते, आणि या सगळ्यात काटा मधोमधच असतो. इथे पाणी उकळलेलं नसतं. पेट्रोल उकळलेलं असतं. पंपात किंवा पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर हा त्रास वाढतो. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून (इंजिनचा जळका वायू बाहेर नेणाऱ्या गरम नळ्यांपासून) दूर घ्या, त्यावर उष्णतारोधक आवरण चढवा. रेडिएटर बदलून यात काही साध्य होत नाही.

थंड इंजिनवर डोळे आणि बोटं

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण सकाळी उघडा. पाणी दिसतंय का? दिसत नसेल तर ते कुठेतरी जातंय. गळ्यात बोट घालून आतल्या कडेवरून फिरवा. बोटाला तपकिरी चिखल लागला तर ब्लॉक आतून गंजतोय आणि तोच गाळ रेडिएटरच्या नळ्यांत बसतोय. पांढरा खरखरीत थर लागला तर कोणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलंय. तेलाचा तवंग दिसला तर थेट हेड गॅस्केटच्या भागाकडे जा.

डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून बघा. ऑइल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय, आणि अशी गाडी सुरूसुद्धा करू नका. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत मात्र पावसाळ्यात, नुसती नाक्यापर्यंत फिरवलेल्या गाडीत, पिवळसर साय धरते. ती हवेतल्या दमटपणाची असते. डिपस्टिक स्वच्छ असेल तर घाबरू नका.

आता होज. प्रत्येक होज दाबून बघा. चांगला रबर दाबतो आणि लगेच परत येतो. लिबलिबीत झालेला, कडक पडलेला किंवा दाबल्यावर करकरणारा होज बदला. क्लिपच्या कडेला पांढरे, हिरवे किंवा गंजाचे ओघळ दिसले तर तिथून पाणी झिरपतंय, फक्त गरम असताना, म्हणून जमिनीवर डाग दिसत नाही.

खालच्या होजकडे खास लक्ष द्या. पंप या होजमधून पाणी ओढतो. होज जुना झाला आणि त्याच्या आतली तारेची स्प्रिंग गंजून गेली की जोरात रेस दिल्यावर तो चपटा होतो आणि पाणी अडतं. वागळे इस्टेटमधले एक जुने मिस्त्री हे फार छान दाखवतात. इंजिन गरम करून घेतात, बॉनेटपाशी उभं राहून हाताने थ्रॉटल ओढतात आणि मालकाला म्हणतात, "दादा, वर नका बघू, खाली बघा." होज डोळ्यांसमोर आत ओढला जातो, थ्रॉटल सोडला की पुन्हा फुगतो. आयडलवर हा दोष कधीच दिसत नाही. चढावर तापणाऱ्या गाडीत ही चाचणी सगळ्यात आधी करा, दोन मिनिटांचं काम आहे.

फॅनची पाती धरून पुढे-मागे हलवा. खेळ जाणवला तर पंपाचं बेअरिंग गेलंय. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथून पाणी ठिबकत असेल किंवा सुकलेला ओघळ असेल तर आतलं सील गेलंय. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. एम-सीलने बुजवणारे लोक मी पाहिलेत. तसं केलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि एक दिवस फॅनच रेडिएटरमध्ये घुसतो.

पट्टा सगळ्यात लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबा. साधारण १२ मिलिमीटर दबला पाहिजे. फार सैल असेल तर घसरतो, फार ताणला तर पंपाचं बेअरिंग खातो. पट्ट्याच्या बाजू आरशागत चकाकत असतील तर तो घसरत होता, मग नुसता ताणून भागणार नाही, बदला.

शेवटी ब्लॉकच्या बाजूला असलेले पत्र्याचे गोल प्लग बघा. मागच्या बाजूचा एखादा प्लग गंजून बारीक पाझरतो आणि कोणाला दिसत नाही. टॉर्च आणि छोटा आरसा घ्या.

वारा कुठे अडतोय

गर्दीत तापणाऱ्या गाडीचं कारण निम्म्या वेळा रेडिएटरच्या पुढ्यातच सापडतं. लोखंडी जाळीसमोर जाडजूड फॉग लाइट, मोठे हॉर्न, मधोमध नंबर प्लेट. एवढं सगळं लावल्यावर वारा शिरणार कुठून? नंतर बसवलेल्या एसीचा कंडेन्सर तर रेडिएटरच्या थेट समोर असतो आणि आपली उष्णता त्यावरच फेकतो. एसी बंद करून गाडी गर्दीत ठीक राहत असेल तर उत्तर मिळालं.

ठाण्यात आणि नवी मुंबईत बांधकामाची धूळ वर्षभर उडते. पावसाळ्यात तीच चिखल होऊन रेडिएटरच्या पाकळ्यांत बसते आणि उन्हाळ्यात वाळून घट्ट होते. पाण्याची धार इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या दाबाने मारा. प्रेशर वॉशरने पाकळ्या आडव्या होतात. वाकलेल्या पाकळ्या जुन्या कंगव्याने किंवा चिमट्याने सरळ करा. हे काम वेळखाऊ आहे, पण त्याने पडणारा फरक खरा असतो.

फॅन उलटा बसवलेला नाही ना, हेही बघा. पंपाचं काम झाल्यावर पाती मागची पुढे लावली जातात. फॅन फिरतो, वाराही येतो, पण निम्माच. रेडिएटर आणि बॉडी यांच्यामधल्या फटी बंद करणाऱ्या रबरी किंवा पत्र्याच्या पट्ट्या गायब असतील तर वारा रेडिएटरमधून न जाता कडेने निघून जातो. त्या पुन्हा बनवून घ्या.

इलेक्ट्रिक फॅन लावायचा मोह होतो, आणि तो चालतोही. पण गाडीला अजून डायनॅमो (वीज बनवणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) असेल तर आयडलवर तो पुरेसा करंट देत नाही, म्हणजे नेमका गर्दीत फॅन बॅटरी रिकामी करतो. आधी अल्टरनेटर, मग इलेक्ट्रिक फॅन.

रेडिएटर आतून चोक आहे का

गाडी पूर्ण गरम करा, इंजिन बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या पुढच्या बाजूने सगळीकडे फिरवा. उभ्या नळ्यांच्या रेडिएटरमध्ये तापमान वरून खाली हळूहळू, सारखं उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. आयडलवर गरम इंजिन चालू असताना वरच्या आणि खालच्या होजचं तापमानही बघा. दोन्ही जवळपास सारखेच गरम असतील तर पाणी फिरतंय पण वारा उष्णता नेत नाही. वरचा होज अतिगरम आणि खालचा कोमट असेल तर पाण्याचा प्रवाहच मंदावलाय.

जुन्या गाड्यांचे तांब्या-पितळेचे रेडिएटर दुरुस्त होतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. ट्रकचे रेडिएटर करणारे कारागीर तुर्भे-कळंबोलीच्या पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये भेटतात. ते वरची टाकी सोल्डर वितळवून काढतात आणि प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून गाळ काढतात. याला रॉडिंग म्हणतात. रेडिएटर त्यांच्याकडे सोपवताना टाकी काढल्यावर फोटो पाठवायला सांगा. किती नळ्या बंद होत्या ते कळतं, आणि काम खरंच झालं का तेही. मूळ रेडिएटर असेल तर तो जपा, हलक्या प्रतीच्या नव्या रेडिएटरपेक्षा रॉडिंग केलेला मूळ रेडिएटर केव्हाही चांगला.

झाकण

शुद्ध पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं. ठाणे आणि नवी मुंबई खाडीकाठी आहेत, तेव्हा हाच आकडा धरा. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून हा बिंदू वर जातो: ४ पौंडांच्या (म्हणजे चौरस इंचाला ४ पौंड दाब धरणाऱ्या) झाकणावर साधारण १०७, ७ पौंडांच्या झाकणावर १११च्या आसपास, १३ पौंडांच्या झाकणावर ११९. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की हा सगळा फायदा जातो आणि धडधाकट गाडीही उकळते. रबराला चिरा असतील तर नवीन झाकण घ्या.

पण दाब तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. "जास्त दाबाचं लावा, उकळणारच नाही" हा सल्ला जुन्या रेडिएटरच्या सोल्डरला झेपत नाही, शिवण फुटते. झाकणाची खोलीही जुळली पाहिजे, नाहीतर ते बसलेलं दिसतं पण दाब धरत नाही. झाकणात एक छोटा उलटा व्हॉल्व्हही असतो. गाडी थंड झाल्यावर वरचा होज आत दबलेला दिसला तर तो अडकलाय.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

"मुंबईच्या हवेत थर्मोस्टॅट कशाला लागतो?" हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. त्याला बळी पडू नका. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन नेहमी थंड चालतं, पेट्रोल नीट जळत नाही, ऑइलमध्ये मिसळतं, आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा मार्ग (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट) बंद करतो, तिथे तो काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता बायपासमधूनच गोल फिरत राहतं. म्हणजे उपाय म्हणून केलेल्या गोष्टीनेच चढावर गाडी जास्त तापते.

तपासणं अगदी सोपं. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने अधांतरी लटकवा, तळाला टेकू देऊ नका. सोबत थर्मामीटर सोडा आणि गॅसवर तापवत न्या. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या आसपास झडप उघडायला लागली पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडली पाहिजे. पाणी उकळलं तरी उघडत नसेल किंवा थंड असतानाच उघडी असेल तर नवीन घ्या, आणि बसवण्याआधी नवीनही असाच तपासा. ते पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

इंजिनच जास्त तापवतंय का

रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट सगळं चांगलं, तरी चढावर काटा वर. अशा वेळी नजर डिस्ट्रिब्युटरकडे (स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या भागाकडे) वळवा. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडलं की पेट्रोल-हवेचं मिश्रण उशिरा जळतं, आणि ताकद बनायची ती उष्णता होऊन हेड आणि एक्झॉस्टमध्ये जाते. गाडी सुस्त वाटते, अॅव्हरेज पडतं, तापते. टायमिंग लाइटने तपासा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युम डब्याला नळीने तोंडाने ओढून बघा, आतली प्लेट हलली पाहिजे. पडदा फाटला असेल तर नुसती हवा येते.

पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं मिश्रण झालं तरीही तापमान वाढतं. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) चालणाऱ्या कार्बोरेटरचं मिश्रण आणखी पातळ होतं. स्पार्क प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी हवं. पांढरंफट्ट असेल तर मिश्रण पातळ आहे. जेट एक माप वाढवावा लागेल, पण त्याआधी इनटेक मॅनिफोल्डच्या (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळ्यांच्या) गॅस्केटमधून हवा ओढली जात नाही ना ते बघा.

आणि ब्रेक. चार-पाच किलोमीटर फिरून या आणि चारही ड्रमचं तापमान घ्या. एखादा इतरांपेक्षा बराच गरम असेल तर ब्रेक धरून राहतोय आणि इंजिन सतत ओझं ओढतंय.

हेड गॅस्केट

याची भीती सगळ्यांना असते, म्हणून हे शेवटी तपासा, पण खुणा दिसल्या तर टाळू नका. थंड इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू करा. पाण्यात लगेच, थांबून थांबून न राहता, सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतोय. दुसरी खूण: थंड इंजिन सुरू करून दोन मिनिटांत, पाणी तापायच्या आधीच, वरचा होज टणक होतो. तिसरी: चारपैकी एक स्पार्क प्लग इतरांपेक्षा विनाकारण स्वच्छ निघतो, कारण तिथे वाफ त्याला धुऊन काढते. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये (सिलिंडरमधला दाब मोजायच्या चाचणीत) शेजारच्या दोन सिलिंडरांचा आकडा एकत्र पडला तर त्यांच्यामधलं गॅस्केट उडालंय.

खात्री करायची असेल तर निळ्या द्रवाची चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात, आणि पेट्रोल इंजिनचा जळका वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. हेड खोलल्यावर ते फेस (घासून सपाट) करण्याआधी सरळ पट्टी आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) किती वाकलंय ते मोजायला सांगा, आणि तुम्ही समोर उभे राहा. बसवताना नट मॅन्युअलमधल्या क्रमाने, मधून बाहेर, टॉर्क पान्यानेच आवळायचे.

पाणी भरायची पद्धत

सगळं नीट केलं आणि भरताना हवा आत अडकली तर गाडी पुन्हा तापते. पुढची चाकं सोसायटीच्या उतारावर वरच्या बाजूला येतील अशी गाडी उभी करा, हीटरचा कॉक उघडा, सावकाश भरा. झाकण न लावता इंजिन आयडलवर ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा उरलेलं भरा आणि झाकण लावा.

पाणी बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वापरा, बोअरचं नाही. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्नच नाही, कूलंट लागतं ते गंज रोखायला आणि उत्कलनबिंदू थोडा वाढवायला. कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही, म्हणून निम्मं-निम्मं करायची गरज नसते. बाटलीवर गंजरोधासाठी दिलेलं किमान प्रमाण पाळा. सोल्डर केलेल्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला आणि अॅल्युमिनियम हेडला चालेल असं स्पष्ट लिहिलेलं पारंपरिक कूलंट घ्या, नुसत्या रंगावर जाऊ नका, आणि दोन वर्षांनी बदला. गाळ काढायला अॅसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरणारे भेटतील. पद्मिनीच्या हेडला ते खाऊन टाकतं.

चाचणीचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा आवारात वीस मिनिटं आयडलवर, काट्यावर नजर ठेवून. मग रविवारी सकाळी पाम बीच रोडवर वाशीपासून बेलापूरपर्यंत एका वेगाने. सगळ्यात शेवटी चढ, आणि त्यासाठी बेलापूरच्या पारसिक हिलचा रस्ता निवडा. मुंब्रा बायपास किंवा गायमुखवर ट्रकच्या रांगेत गाडी बंद पडणं धोक्याचं आहे. प्रत्येक टप्प्यानंतर थर्मोस्टॅटच्या डब्यावरचा आकडा वहीत लिहा. नवे होज एक-दोनदा गरम-थंड झाले की बसतात आणि क्लिप सैल होतात, म्हणून आठवड्याने थंड इंजिनवर सगळ्या क्लिप पुन्हा आवळा आणि पातळी बघा.